बॅटरी पूर्ण बसली असेल तर पोर्टेबल बूस्टरने कार सुरू होते का? की धक्का मारणंच बरं?

होते. एका शब्दात उत्तर संपलं असतं, पण प्रश्नाच्या शेपटीला तुम्ही तो धक्का जोडलाय आणि तिथे माझी दुखरी नस आहे. (बूस्टर म्हणजे गाडी सुरू करण्यापुरती वीज देणारा, सोबत नेता येणारा बॅटरीचा डबा.)

गाडी कोणती ते तुम्ही लिहिलेलं नाही. ऑटोमॅटिक असेल, मग ती एएमटी (क्लच-गिअर यंत्रच सांभाळतं ती) असो की सीव्हीटी (पायऱ्या नसलेला, पट्ट्यावरचा गिअर), तर धक्क्याचा विषयच संपला. हे मी आमच्या अख्ख्या वाडीला सांगून थकले आहे.

आमची गाडी एएमटी, पेट्रोलची. गणपतीला कणकवलीजवळ सासरी गेलो होतो. विसर्जन झालं, दुसऱ्या दिवशी पहाटे मुंबईला निघायचं म्हणून रात्रीच सामान भरलं. पोरं गाडीत गाणी लावून बसली होती, ती झोपायला गेली आणि चावी ॲक्सेसरीवर तशीच राहिली. सकाळी सेल्फ मारला तर नुसतं कट्-कट्-कट्, आणि डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणते.

बॅटरी बसली म्हटल्यावर खळ्यात माणसं जमली. माझे धाकटे दीर बाह्या सरसावून पुढे. "वहिनी, सेकंड टाका आणि मी ओरडलो की क्लच सोडा."

म्हटलं, "भाऊजी, या गाडीला क्लचचं पेडलच नाही."

ते क्षणभर थांबले. तेवढ्यात चुलत सासरे म्हणाले, "आटोमॅटिक असली म्हणान काय झाला? तुम्ही बाजूक रवा." मी सांगत होते की सीटखाली बूस्टर आहे, दोन मिनिटं द्या. पण पाच-सहा पुरुषांचे हात एकदा गाडीला लागले की बाईचं कोण ऐकतो! आमचे हे मुकाट्याने स्टिअरिंगवर जाऊन बसले. गाडी न्यूट्रलला होती म्हणून हलली तरी. हलली ती थेट उतारावरून खाली व्हाळावरच्या (ओढ्यावरच्या) मोरीपर्यंत. इंजिन बंद असल्यावर ब्रेक किती कडक होतो आणि स्टिअरिंग किती जड होतं, ते यांना त्या उतारावर कळलं. मोरीजवळ गाडी थांबली. आता वर ढकलायला कोणी पुढे येईना, आणि पाऊस सुरू झालेला.

मग मी सीटखालून डबा काढला. लाल चिमटा बॅटरीच्या प्लसला, काळा इंजिनाच्या उघड्या धातूला, हिरवा दिवा लागला, यांना म्हटलं मारा सेल्फ. पहिल्या झटक्यात सुरू. वाटलं, आता तरी कोणी काही बोलेल. चुलत सासरे म्हणाले, "उतारान काम केल्यान."

तेव्हापासून प्रत्येक लग्नात, बारशात भाऊजी हेच सांगतात: धक्क्याने बॅटरी थोडी चार्ज झाली होती, बूस्टर नुसता निमित्ताला. त्यांच्या तोंडावर बोलता येत नाही म्हणून इथे लिहिते. बॅटरी चार्ज करतो अल्टरनेटर. तो पट्ट्यावर फिरतो आणि पट्टा इंजिनावर. न्यूट्रलला चाकं कितीही फिरली तरी इंजिन ढिम्म असतं. मग चार्जिंग आलं कुठून, व्हाळातून? मॅन्युअल गाडीत गिअर टाकून क्लच सोडला की चाकं इंजिनाला फिरवतात, म्हणून तिथे धक्का चालतो. एएमटीत क्लच दाबणं-सोडणं हे काम यंत्र करतं आणि त्या यंत्रालाच वीज लागते. उलट उतारावर इग्निशन आणि वायपर चालू होते, म्हणजे होती-नव्हती ती वीजही थोडी खर्चच झाली.

बूस्टरही बॅटरी चार्ज करत नाही, हे मात्र खरं. डब्यावर १२,००० एमएएच (किती वीज साठते त्याचा आकडा) वाचून हुरळून जाऊ नका. तो आकडा ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे साधारण ४४ वॉट-अवर. छोट्या गाडीची १२ व्होल्ट, ३५ एएचची बॅटरी ४२० वॉट-अवरची. दहावा हिस्सा! बूस्टर फक्त काही सेकंद मोठा करंट देतो, सेल्फपुरता. पुढचं काम अल्टरनेटरचं, म्हणून सुरू झाल्यावर चिमटे काढा आणि गाडी चालवा. नुसती उभी ठेवून दहा मिनिटं घुरघुरवली तर संध्याकाळी परत तेच. आम्हाला पुढे मुंबईपर्यंतचा रस्ता होता, त्यामुळे प्रश्न आला नाही. डब्यावर छापलेले ते हजार-दोन हजार पीक अँपिअरही मनावर घेऊ नका, तो आकडा क्षणभराचा असतो. डिझेलला मात्र पेट्रोलपेक्षा मोठा बूस्टर लागतो, कारण कॉम्प्रेशन जास्त.

एका दमात चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. नाही झालं तर मिनिटभर थांबा. बॅटरी अगदीच मेली असेल तर चिमट्यांना ती ओळखूच येत नाही, दिवा लागत नाही. त्यासाठी बऱ्याच बूस्टरवर 'बूस्ट' बटण असतं. ते दाबलं की उलट्या जोडणीपासूनचं संरक्षण सहसा बंद होतं, तेव्हा दाबण्याआधी लाल-काळं दोनदा बघा. बॅटरी फुगली असेल किंवा ॲसिड गळत असेल तर हात लावू नका, मेकॅनिक बोलवा.

बूस्टर डिकीत ठेवू नका. बऱ्याच गाड्यांची डिकी विजेवर उघडते, बॅटरी मेली की बूस्टर आत आणि तुम्ही बाहेर. मी सीटखाली ठेवते. पण मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत तोही सोडू नका, लिथियम सेल आहेत, घरी न्या. दोन-तीन महिन्यांनी चार्ज करा, नाहीतर गरजेला तोच बसलेला निघेल.

जंपर केबल (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून वीज घ्यायची वायर) स्वस्त आहे, पण शेजारी दुसरी गाडी लागते. आमच्या वाडीत त्या दिवशी मोटरसायकली सोडून काही नव्हतं, भाऊजी स्वतः कोकणकन्येने आलेले. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये दोन गाड्यांची तोंडं जवळ आणायला तरी कुठे जागा असते?

तुमची गाडी मॅन्युअल असेल आणि ढकलायला माणसं असतील तर मारा धक्का, माझं काही म्हणणं नाही. फक्त वारंवार नको, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (गाडीचा धूर साफ करणाऱ्या भागात) जातं आणि तो महाग असतो. बूस्टर लावण्याआधी टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर साचलीय का तेही बघा. कधी कधी बॅटरी ठणठणीत असते आणि नुसतं टर्मिनल ढिलं असतं.