किट न घेता फक्त प्लॅनवरून मॉडेल विमानाचा बाल्साचा पंख बनवता येईल का? सुरुवात कुठून करू?

येईल की, आरामात. तुम्ही लिहिलंय की ४८ इंची हाय-विंग ट्रेनरचा (म्हणजे धडाच्या वर पंख असलेल्या शिकाऊ विमानाचा) पीडीएफ प्लॅन मिळालाय, आत्तापर्यंत सगळी विमानं कोरोप्लास्टची (पन्हाळीदार प्लास्टिक शीटची) केलीत आणि बाल्साचं, म्हणजे त्या अगदी हलक्या लाकडाचं, काम फार काटेकोर असतं म्हणून धाकधूक वाटतेय. तर एखादी रिब (पंखाला आकार देणारी, पुढून मागे जाणारी पातळ फळी) अर्धा मिलिमीटर मागेपुढे लागली म्हणून विमानाचं काही बिघडत नाही, पण पंखाला पीळ बसला ना, की हातातून सुटल्या सुटल्या विमान एका कुशीवर जातं आणि मग बसा ट्रिम देत, म्हणजे ते सरळ जावं म्हणून कंट्रोल जुळवत. माझ्या मते काटेकोरपणा लागतो तो तेवढ्याचसाठी.

आधी प्रिंट. प्रिंट डायलॉगमध्ये 'फिट टू पेज' असतं ते काढून 'अ‍ॅक्च्युअल साइज' करा, आणि ए४ चे तुकडे चिकटवत बसण्यापेक्षा आर्किटेक्ट लोक ड्रॉइंग काढतात त्या प्लॉटरवाल्याकडून एकसंध काढून घ्या. घरी आणून स्टीलच्या पट्टीने अर्धा पंख मोजायचा, २४ इंच भरलाच पाहिजे. बऱ्याच प्लॅनवर एकच बाजू काढलेली असते आणि दोन्ही उजवे पंख करून डोक्याला हात लावणारे लोक आहेत बरं का, म्हणून एका प्रिंटला मागून खोबरेल तेल चोळा, कागद पारदर्शक होतो, तो उलटा केला की दुसरी बाजू तयार.

लाकूड निवडताना घाई नको, सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवा. बाल्सा बहुतेक इक्वाडोरहून येतो आणि त्याच्या दोन शीट दिसायला सारख्या असल्या तरी वजनात दुपटीचा फरक असू शकतो. छोटा डिजिटल काटा घ्या आणि प्रत्येक शीटवर पेन्सिलने वजन लिहा. १/१६ इंच जाडीची, ३ इंच रुंद, ३६ इंच लांब शीट १०-११ ग्रॅम भरली तर हलकी, १४ च्या आसपास मध्यम, २० च्या वर गेली तर कडक. रिब आणि शीटिंगला (रिबवर चढवायच्या पातळ शीटला) हलकी-मध्यम, स्पारला (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य पट्टीला) कडक (स्प्रूसचं लाकूड मिळालं तर उत्तमच). मग शीट उजेडात धरून बघा. जिच्यावर चमकदार ठिपके-ठिपके दिसतात ती ताठ असते, वाकवायला गेलात तर मोडते, ती रिबला. जिच्यावर नुसत्या लांब रेषा दिसतात ती नळीसारखी सहज वाकते, ती लीडिंग एजच्या (पंखाच्या पुढच्या कडेच्या) शीटिंगला. आणि स्पारच्या पट्ट्या टेबलाच्या कडेवरून सारख्याच बाहेर काढून टोकाला तेच वजन लटकवून बघा, ज्या सारख्या झुकतात त्यांची डावी-उजवी जोडी लावायची. एक बाजू ताठ आणि एक लवचीक असेल तर पंख बोर्डावर कितीही सरळ केलात तरी हवेत तो सरळ राहणार नाही.

ट्रेनरचा पंख सरळ चौकोनी असतो, सगळ्या रिब एकसारख्या, म्हणजे काम सोपं. प्लायचे दोन टेम्प्लेट करा, रिब थोड्या मोठ्या कापून त्यांच्यामध्ये बोल्टने आवळा आणि सगळा गठ्ठा एकदम पॉलिश पेपरने घासा, स्पारच्या खाचाही गठ्ठ्यातच पाडा. लाकडाची रेषा पुढून मागे गेली पाहिजे, आडवी गेली तर रिब बोटाने तुटते.

आता जोडणी. फ्लश डोअरचा सपाट तुकडा, त्यावर टाचण्या घुसतील असा सॉफ्टबोर्ड, त्यावर प्लॅन, त्यावर पारदर्शक प्लास्टिक म्हणजे गोंद चिकटत नाही. एअरफॉइल (पंखाच्या छेदाचा आकार) क्लार्क वाय प्रकारचा असेल तर तळ पुढून ३० टक्क्यांपासून मागे सपाट आहे पण त्याच्या पुढे तो वर उचलला जातो, म्हणून लीडिंग एजखाली पट्टी द्यावी लागते. खालचा स्पार, रिब, वरचा स्पार, लीडिंग-ट्रेलिंग एज (पुढची-मागची कड) हे सगळं जमलं की पंख उचलून बघायचा मोह होतो, तेव्हा मोबाईल घेऊन दुसऱ्या खोलीत जा. उचलला तर तो हातात सहज पिळला जातो. टाचलेला असतानाच दोन स्पारच्या मध्ये शिअर वेब (त्यांना जोडणारे बाल्साचे उभे तुकडे) लावायचे, लाकडाची रेषा उभी ठेवून, आणि वरचं पुढचं शीटिंगही तेव्हाच. शीटच्या बाहेरच्या अंगाला ओलं फडकं फिरवलं की ती आपोआप गोल होते. फेविकॉल लावून रात्रभर राहू द्या (पावसाळ्यात दोन रात्री). उचलल्यावर खालचं शीटिंग लावलं की पुढे बंद नळी तयार होते, आणि ती झाली की पंख सहजासहजी पिळत नाही. म्हणूनच वॉशआउट (पंखाच्या टोकाला मुद्दाम दिलेला थोडा पीळ, मागची कड वर) हवा असेल तर तो खालचं शीटिंग लावतानाच, टोकाला ट्रेलिंग एजखाली पाव इंचाची पट्टी ठेवून. ८ इंच कॉर्डला (पंखाच्या पुढून मागच्या रुंदीला) तो पावणेदोन-दोन डिग्री होतो आणि स्पीड कमी झाला तरी टोक आधी स्टॉल होत नाही, म्हणजे तिथली उचल आधी जात नाही.

पंखाचे दोन अर्धे भाग जोडताना एक बोर्डावर सपाट ठेवून दुसऱ्याचं टोक प्लॅनवर प्रत्येक टोकाला दाखवलेल्या डायहेड्रलच्या (टोक वर उचलण्याच्या मापाच्या) दुप्पट उचला, मध्ये प्लायचा ब्रेस (जोड मजबूत करणारा तुकडा), आणि ३० मिनिटांचं इपॉक्सी वापरा, ५ मिनिटांच्यात नीट लावून होत नाही.

कव्हरिंग फिल्मचं (पंखावर चढवायच्या, गरम केल्यावर आवळणाऱ्या पातळ प्लास्टिकचं) फार टेन्शन नको. आधी खालची बाजू, मग वरची, नुसत्या कडा चिकटवून घ्या आणि शेवटी गरम करून ताणा. ताणताना पीळ आलाच तर उलट्या बाजूला हाताने थोडा जास्त पिळून धरायचा, फिल्म परत गरम करायची आणि गार होईपर्यंत सोडायचा नाही. सगळं झाल्यावर पंख मधोमध बोटांवर तोला, जे टोक वर जाईल तिथल्या टोकाच्या ब्लॉकमध्ये एखादा छोटा खिळा खुपसा.