दुर्बिणीसाठी लेसिक करावे का?

प्रश्न: वय ४७, इंदूरला लोकमान्य नगरात राहते. दोन्ही डोळ्यांना उणे ३.५ नंबर, शिवाय सिलेंडर (तिरकस नंबर). रविवारी सिरपूर तलावावर पक्षी पाहायला जाते, पण चष्म्यावरून दुर्बिणीत मधला गोलच दिसतो. लेसिकचा, म्हणजे लेसरने चष्म्याचा नंबर घालवण्याच्या शस्त्रक्रियेचा, खर्च एक लाख सांगितलाय. निवृत्तीसाठीच्या फंडातून काढू का? यजमान म्हणतात, मेडिक्लेम मिळेल.

उत्तर: ताई, मेडिक्लेम धरून चालू नका. ७.५ डायॉप्टरपेक्षा (चष्म्याचा नंबर याच एककात मोजतात) कमी नंबर घालवण्याचा खर्च आरोग्य विम्यात वगळलेला असतो. म्हणजे लाख तुमच्याच खिशातून जाणार, आणि फंडातून काढलेत तर साठीपर्यंतची वाढही जाईल. वर्षाला १० टक्के वाढ गृहीत धरली, तर १३ वर्षांत त्याच लाखाचे सुमारे ३.४५ लाख होतात.

मला तर तुमची अडचण डोळ्यांपेक्षा दुर्बिणीत दिसते. आधी तिचे रबरी कप खाली दुमडून किंवा फिरवून आत घ्या. बरेच जण ते उघडेच ठेवतात आणि चष्मा लावल्यावर डोळा भिंगापासून लांब राहतो. तरीही दृश्य कापलेच जात असेल तर दुर्बिणीचा ‘आय रिलीफ’ पाहा, म्हणजे डोळा भिंगापासून किती लांब असला तरी पूर्ण दृश्य दिसते ते अंतर. चष्मेवाल्यांना तो निदान १५-१६ मिलिमीटर हवा. छोट्या, खिशातल्या दुर्बिणींत पुष्कळदा तेवढा नसतो. पुरेशा आय रिलीफची ८×४२ (आठपट मोठे दाखवणारी, पुढचे भिंग ४२ मिलिमीटरचे) दुर्बीण वीस-पंचवीस हजारांत मिळते. दुकानात चष्मा लावूनच पारखा. चष्मा काढून पाहण्याची सवय मात्र लावू नका: फोकसच्या चाकाने उणे नंबर सांभाळला जातो, सिलेंडर नाही. शिवाय नुसत्या डोळ्यांनी पक्षी हेरायला चष्मा लागतोच.

वयाचाही विचार करा. लेसिकने लांबचे स्पष्ट झाले तरी चाळिशी सुटत नाही, उलट आज चष्मा काढून वाचता येते ती सोय जाते. काहींचे डोळे कोरडे पडतात, अंधुक उजेडात दिव्यांभोवती वलये दिसतात. पुढे मोतीबिंदू झाला तर आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढणेही लेसिकनंतर अवघड होते. मोतीबिंदूचा खर्च मात्र बहुतेक पॉलिसींत प्रतीक्षा काळानंतर मिळतो.

सिरपूर आणि इंदूरजवळचा यशवंत सागर हे दोन्ही तलाव २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आले. यशवंत सागरचे सारस तुम्हाला पूर्ण चौकटीत दिसावेत, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी दुर्बीण घ्या, पण बोनसमधून किंवा चार-पाच महिने बाजूला टाकून.

चष्माच नकोसा झाला असेल तर गोष्ट वेगळी. मग आधी कॉर्नियाची (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची) जाडी आणि डोळ्यांचा कोरडेपणा तपासून घ्या, आणि पैसे वेगळ्या आवर्ती ठेवीत वर्षभर साठवा. हप्त्यांवर करू नका. ‘बिनव्याजी’ म्हटले तरी प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा जीएसटी किती, ते लेखी मागा.