वाचकांचे प्रश्न : विचार पटत नाहीत म्हणून फॉर्म बाद करायचा का?

प्रश्न : दादा नमस्कार, आमच्या गावात ग्रामपंचायतीला उभा राहिलेला एक जण उघड म्हणतो मराठवाड्याचं वेगळं राज्य पाहिजे, आणि आरक्षणावर तर असं बोलतो की पारावर रोज भांडणं. आम्ही पोरं म्हणतो असल्या माणसाला उभंच राहू देऊ नये. कायद्यात तशी सोय आहे का, नसली तर करावी का? – एक वाचक, जि. हिंगोली

उत्तर : भाऊ, ग्रामपंचायतीला बाद व्हायला आपल्याकडं कारणं काय कमी आहेत का? पट्टी थकली, सरकारी जागेवर अतिक्रमण निघालं, घरी संडास नाही, १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं लेकरू झालं, की गेलं. (तुमच्यातलं कुणी उभं राहणार असेल तर घरपट्टीची पावती आत्ताच बघून ठेवा.) पण विचाराचा रकाना त्या फॉर्मात नाही, आणि माझं म्हणाल तर नसावाच.

आमदार-खासदारकीला १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा आहे. समाजासमाजात वैर पसरवल्याचा गुन्हा कोर्टात सिद्ध झाला तर नुसता दंड झाला तरी ६ वर्षं बाद. विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीत धर्माच्या नावावर मतं मागितली म्हणून रमेश प्रभूंची निवड रद्द झाली, १९९५ ला सुप्रीम कोर्टानं तेच कायम केलं आणि पुढं १९९९ मध्ये त्याच प्रचारातल्या भाषणांपायी बाळासाहेब ठाकरेंचा मतदानाचा हक्कच ६ वर्षांसाठी गेला. पण तिथं आधी प्रचारातली भाषणं कोर्टात तपासली गेली, कुणाच्या मनात काय आहे ते कुणी तपासलं नाही.

वेगळ्या राज्याचं म्हणाल तर तो देश तोडायचं बोलत नाहीये. देशाच्या अखंडतेची शपथ आमदार-खासदारकीच्या उमेदवाराला १९६३ पासून घ्यावी लागते, आणि राज्य नवीन करायची सोय तर घटनेतच आहे. शेजारचं तेलंगण २०१४ ला झालंच की, मागणी करणारेच मुख्यमंत्री झाले.

आता खरी भीती सांगतो. अशी सोय केली तर कात्री कुणाच्या हातात राहील? आपल्या भागाला हे नवीन नाही, निजामानं १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी घातली ती संघटना नीट उभी राहायच्या आधीच, आणि कारण काय दिलं तर म्हणे ही जातीय आहे! ती बंदी उठायला १९४६ उजाडलं, म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे लोक त्यांच्या विचारापायीच बाहेर. नामांतराचंही बघा, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला आणि नाव लागलं १९९४ ला, मधल्या सोळा वर्षांत ज्याची सत्ता त्यानं समोरच्याला मतापायी बाद करायचं ठरवलं असतं तर निम्मा मराठवाडा निवडणुकीबाहेर बसला असता आणि भांडण मिटलं असतं का? उलट अजून चिघळलं असतं.

तुमच्या गावातला तो माणूस आरक्षणावर काय बोलतो ते ऐकून माझंही डोकं फिरेल कदाचित. पण तो बोलतोय म्हणून तर तुम्हाला कळलं ना कुणाला मत द्यायचं नाही ते? फॉर्म बाद केला तर तेच विचार बायकोच्या नाहीतर भावाच्या नावावर उभे राहतील, आणि त्या उमेदवाराचं तोंड बंद असेल.

चार लोकांत त्याला विचारा, सरपंच झाल्यावर दुसऱ्या समाजाच्या वस्तीवर पाणी सोडणार का, घरकुलाच्या यादीत त्यांची नावं ठेवणार का. आणि कुणाला धमकी दिली असेल, मारहाणीला चिथावलं असेल तर व्हिडिओ जपून ठेवा अन् पोलीस ठाण्यात द्या, ते प्रकरण वेगळं.