वाचक विचारतात : ऑफिसातलं रटाळ काम ‘बॉट’कडे देताना

रोबोटिक प्रोसेस ऑटोमेशन, म्हणजे आरपीए, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी निवडक सहा. बॉट म्हणजे माणसाऐवजी माउस आणि कीबोर्ड चालवणारा प्रोग्रॅम, एवढं लक्षात ठेवलं की पुढच्या बहुतेक उत्तरांचं कारण समजतं.

प्रश्न : आमची वाहतूक कंपनी आहे. रोज साधारण ६० बिलांची माहिती एक्सेलमधून बघून ग्राहक कंपनीच्या वेब पोर्टलवर एकेक करून भरावी लागते. पोर्टलवर एक्सेल अपलोडची सोय नाही. संगणकावर विंडोज ११ आहे. पॉवर ऑटोमेट डेस्कटॉप वापरून हे जमेल का? सुरुवात कशी करायची? (चाकण, जि. पुणे)

जमेल. काम रोजचं आहे, नियम ठरलेले आहेत आणि अपलोडचा दरवाजा बंद आहे. बॉट लावावा तो अशाच ठिकाणी. पॉवर ऑटोमेट डेस्कटॉप हे मायक्रोसॉफ्टचं बॉट बनवण्याचं सॉफ्टवेअर विंडोज ११ मध्ये आधीपासूनच असतं. मूळचं ‘विनऑटोमेशन’ हे सॉफ्टवेअर बनवणारी सॉफ्टोमोटिव्ह कंपनी मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये विकत घेतली आणि २०२१ पासून विंडोज १० वापरणाऱ्यांनाही ते मोफत दिलं.

आधी एक्सेल नीट करा. बिलांच्या माहितीशेजारी दोन रकाने वाढवा : ‘स्थिती’ आणि ‘पोर्टल क्रमांक’. बिल क्रमांक, एलआर (लॉरी रिसीट) क्रमांक आणि बँक खाते क्रमांक यांच्या रकान्यांचं स्वरूप आकडे टाकण्याआधीच ‘टेक्स्ट’ करा. नाहीतर ००४५७ चं ४५७ होतं. १५ पेक्षा जास्त अंकी खाते क्रमांकाचे शेवटचे अंक एक्सेल शून्य करून टाकतं आणि नंतर स्वरूप बदलून ते परत येत नाहीत.

आता फ्लो, म्हणजे बॉटने क्रमाने करायच्या पायऱ्या. ‘लाँच एक्सेल’ने फाइल उघडा. ‘रीड फ्रॉम एक्सेल वर्कशीट’मध्ये पुढचे पर्याय उघडून दोन गोष्टी चालू करा : सेलमधला मजकूर टेक्स्ट म्हणून वाचणं, आणि पहिली ओळ शीर्षकांची मानणं. मग ब्राउझर उघडा (त्यासाठी एज किंवा क्रोममध्ये पॉवर ऑटोमेटचं एक्स्टेंशन आधी टाकलेलं हवं) आणि ‘डिस्प्ले मेसेज’ने एक खिडकी दाखवा : ‘लॉगइन करून ओके दाबा’. लॉगइन माणसानेच करायचं.

यानंतर ‘फॉर ईच’, म्हणजे प्रत्येक ओळीसाठी त्याच पायऱ्या पुन्हा करणारा लूप. ओळ मोजणारं व्हेरिएबल (बदलती किंमत साठवणारी जागा) १ पासून सुरू करा आणि लूपमधली अगदी पहिली कृती म्हणून ते १ ने वाढवा. बरेच जण ते लूपच्या शेवटी वाढवतात. मग ‘स्थिती भरलेली असेल तर नेक्स्ट लूप’ ही अट आली की वाढवण्याची पायरी चुकते आणि पुढच्या सगळ्या बिलांचे पोर्टल क्रमांक भलत्याच ओळींत जाऊन बसतात. चूक महिनाअखेरीला उघडकीस येते, तोवर निस्तरायला दोन दिवस लागतील एवढा गुंता झालेला असतो.

स्थिती रिकामी असेल तरच पुढे जायचं. माहिती भरा, पण ‘सबमिट’ दाबण्याआधी स्थितीत ‘सुरू’ लिहून एक्सेल सेव्ह करा. मग सबमिट. पानावर पोचपावतीचा मजकूर येईपर्यंत थांबा, क्रमांक उचला, एक्सेलमध्ये लिहा, स्थिती ‘झाले’ करा, पुन्हा सेव्ह. दोनदा सेव्ह केल्याने प्रत्येक बिलामागे एखाद-दुसरा सेकंद जाईल, जाऊ द्या. पोर्टलने नोंद घेतली आणि तेवढ्यात वीज किंवा इंटरनेट गेलं, तर ती ओळ ‘सुरू’वर अडकलेली दिसेल. बॉट पुन्हा चालवला तरी तो तिला हात लावणार नाही. अशा ओळी माणसाने पोर्टलवर जाऊन तपासायच्या. ही खूण नसेल तर तेच बिल दोनदा चढतं.

तारखेकडे स्वतंत्र लक्ष द्या. ०३/०४ ही आपल्याकडे ३ एप्रिल, पण संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकी असेल तर ती ४ मार्च होते आणि त्रुटीचा संदेशही येत नाही. ‘कन्व्हर्ट टेक्स्ट टू डेटटाइम’मध्ये तारखेचा साचा स्वतः लिहून द्या. त्यात महिन्यासाठी कॅपिटल एम. स्मॉल एम म्हणजे मिनिटं.

चाचणीला पहिल्या तीन सरळ ओळी घेऊन समाधान मानू नका. वाकड्या ओळी मुद्दाम निवडा : नावात ‘अँड’चं चिन्ह असलेला ग्राहक, शून्य रकमेचं बिल, तीन ओळींचा पत्ता.

प्रश्न : पोर्टलवर बिलं भरणारा बॉट रात्री आपोआप चालवता येईल का? पॉवर ऑटोमेटच्या मोफत आवृत्तीत? (नाशिक)

नाही. मोफत आवृत्तीत फ्लो हाताने सुरू करावा लागतो, माणूस लॉगइन असावा लागतो आणि स्क्रीन लॉक झालेली चालत नाही. ठरलेल्या वेळी चालणं, माणूस नसताना चालणं, सहकाऱ्यांना फ्लो वापरायला देणं, या सगळ्याला पैसे पडतात. काम फक्त वेब पोर्टलवरचं असेल आणि ऑफिसात थोडंफार पायथन येणारं कोणी असेल, तर प्लेराइट (ब्राउझर आपोआप चालवणारं मोफत साधन) आणि विंडोजचं टास्क शेड्युलर या जोडीने ते मोफत होतं. मात्र तो माणूस रजेवर गेला की दुरुस्ती कोण करणार, हे आधी ठरवा. आणि फ्लो कुणाच्या वैयक्तिक मायक्रोसॉफ्ट खात्यावर बनवू नका. तो त्या व्यक्तीच्या वनड्राइव्हवर राहतो आणि ती नोकरी सोडून गेली की फ्लोही जातो.

प्रश्न : तीन महिने चांगला चाललेला बॉट आता मध्येच थांबतो. कधी चुकीच्या रकान्यात टाइप करतो. फ्लोमध्ये आम्ही काहीच बदललेलं नाही. (नागपूर)

फ्लो बदलला नसेल, स्क्रीन बदलली असणार. पुढच्या क्रमाने बघा.

पहिला संशय सिलेक्टरवर. बटण किंवा रकाना ओळखण्यासाठी बॉट खिडकीचं शीर्षक, घटकाचं नाव, आयडी असा पत्ता साठवतो. शीर्षकात तारीख, आर्थिक वर्ष किंवा वापरणाऱ्याचं नाव असेल तर तो पत्ता बदलत राहतो. समजा रेकॉर्ड करताना खिडकीचं नाव ‘बिल नोंद २०२४-२५’ होतं. १ एप्रिलला ते ‘बिल नोंद २०२५-२६’ झालं आणि बॉटला खिडकीच सापडेना. सिलेक्टर उघडून ‘बरोबर इतकंच’ऐवजी ‘याने सुरू होणारं’ ही अट लावा आणि मूल्य ‘बिल नोंद’ एवढंच ठेवा. आयडीत लांबलचक आकडे दिसले तर ते पान उघडताना दर वेळी नवे तयार होत असण्याची शक्यता मोठी. ती खूण काढून रकान्याच्या नावावर भर द्या. ‘पाचवा रकाना’ अशा क्रमांकावर विसंबलेले सिलेक्टर सर्वांत कच्चे : पोर्टलने वर एक रकाना वाढवला की सगळी माहिती एक घर खाली सरकते. तुमच्याकडे नेमकं हेच होत असावं.

दुसरं, ठरावीक थांबे. ‘३ सेकंद थांब’ हे सकाळी ९ ला पुरतं. २० तारखेला, जीएसटीआर-३बी या मासिक जीएसटी विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी, सरकारी पोर्टलवर ३० सेकंदही पुरत नाहीत. सेकंद मोजायला लावू नका, अमुक मजकूर दिसेपर्यंत थांबायला सांगा, आणि कमाल मर्यादा ६० सेकंद ठेवा.

तिसरं, कीबोर्डचा ताबा. ‘सेंड कीज’ने पाठवलेली अक्षरं त्या क्षणी जी खिडकी पुढे असेल तिच्यात जातात. मध्येच अँटिव्हायरसची सूचना किंवा व्हॉट्सॲपची खिडकी पुढे आली तर बिलाची रक्कम तिथे उमटते. शक्य तिथे थेट रकान्यात मजकूर भरणारी कृती वापरा.

चौथं, चित्र ओळखून क्लिक करणाऱ्या पायऱ्या. नवा मॉनिटर आला, डिस्प्लेचं स्केलिंग १०० वरून १२५ टक्के झालं, की त्या आंधळ्या होतात. रिमोट डेस्कटॉपवर बॉट चालू ठेवून आपली खिडकी मिनिमाइझ केली तरीही हाच परिणाम.

शिवाय एक क्षुल्लक कारण : शेअर्ड ड्राइव्हवरची एक्सेल फाइल दुसऱ्या टेबलावर कोणीतरी उघडून ठेवलेली असते. बॉटला ती फक्त वाचण्यापुरती मिळते आणि सेव्हवर तो अडतो.

हे झाल्यावर लूपच्या आतला भाग ‘ऑन ब्लॉक एरर’मध्ये घ्या. त्रुटी आली की स्क्रीनशॉट घ्यायचा, स्थितीत ‘तपासा’ लिहायचं, पुढच्या ओळीवर जायचं. पान उघडण्यासारख्या पायऱ्यांवर दोनदा पुन्हा प्रयत्न करायला हरकत नाही. सबमिटच्या पायरीवर पुन्हा प्रयत्न कधीही लावू नका.

प्रश्न : बँकेच्या उताऱ्यातल्या महिन्याच्या ४०० नोंदी टॅलीत चढवायला बॉट बनवावा का? आणि जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी) ताडून पाहायलाही? (कोल्हापूर)

दोन्हीला नको.

टॅली आपली स्क्रीन स्वतःच रेखाटतं. त्यामुळे बॉटला तिथली बटणं, रकाने वेगळे दिसतच नाहीत. तो नुसत्या कीज दाबू शकतो. एफ५ ने पेमेंट, एफ६ ने रिसीट, इथवर ठीक. पण लेजरचं, म्हणजे खात्याचं, नाव एका अक्षराने जुळलं नाही तर यादीत जे नाव उजळलेलं असेल तेच एंटरने निवडलं जातं. नोंद होते, चुकीच्या खात्यात होते, आणि बॉट सांगतो ‘यशस्वी’. थांबलेला बॉट परवडतो, असा नाही परवडत.

टॅलीत एक्सएमएल (ठरावीक खुणांच्या साच्यात माहिती लिहिलेली फाइल) आयात करता येतं. टॅलीप्राइमच्या नव्या आवृत्त्यांत थेट एक्सेलही. आधी कंपनीचा बॅकअप घ्या. एक व्हाउचर, म्हणजे एक नोंद, हाताने भरून त्याचं एक्सएमएल निर्यात करा आणि त्याच साच्यात बाकीच्या नोंदी बसवा. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी सलग आठ अंकी, म्हणजे २०२५०४०३. नावे रकमेला उणे चिन्ह असतं. अनेकांना हे उलटं वाटतं आणि पेमेंटच्या रिसीट होऊन बसतात. लेजरची नावं स्पेससकट तंतोतंत जुळवा. पहिली आयात कंपनीच्या प्रतीत, पाच नोंदींची.

जीएसटीआर-२बी सामान्यतः १४ तारखेला तयार होतं. ते ताडून पाहणं म्हणजे दोन याद्यांची तुलना, आणि ती एक्सेलच्या पॉवर क्वेरीत ‘मर्ज’ने होते. अडचण बिल क्रमांकांची : पुरवठादार ‘००१२/२५-२६’ लिहितो, तुमच्याकडे ‘१२’ चढवलेलं असतं. म्हणून सगळी चिन्हं पुसून टाकू नका, नाहीतर १/२३ आणि १२/३ दोन्ही १२३ होतील. वर्षाचा भाग आणि आधीची शून्यं काढा, मग १५ अक्षरी जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) व बिल क्रमांक यांवर जुळवा आणि करपात्र रकमेत एक रुपयाचा फरक मान्य धरा. उरलेल्या ओळी माणसाने बघायच्या. त्यात खरं काम असतं आणि तिथे बॉटचा उपयोग नाही.

प्रश्न : कॅप्चा आणि ओटीपी बॉटने आपोआप भरण्याची युक्ती सांगाल का? (ठाणे)

नाही. समोर माणूस आहे याची खात्री करण्यासाठीच ते ठेवलेले असतात, आणि ते चुकवताना खातं बंद पडलं तर रिटर्न अडकेल. बॉटला तिथे थांबवा, माणसाने भरावं, मग पुढचं डाउनलोड बॉटने करावं. दहा ग्राहकांची खाती असली तरी मेहनत बरीच वाचते. ई-वे बिलं एकगठ्ठा काढायची असतील तर त्या पोर्टलवर जेसन फाइल (ठरावीक साच्यात माहिती लिहिलेली टेक्स्ट फाइल) चढवण्याची सोय आहेच. पासवर्ड एक्सेलमध्ये किंवा फ्लोच्या पायरीत लिहून ठेवू नका. सुरुवातीला विचारून घ्या आणि ते व्हेरिएबल ‘सेन्सिटिव्ह’ करा.

प्रश्न : मराठी पीडीएफमधून बॉटने उचललेला मजकूर इंग्रजी अक्षरांच्या खिचडीसारखा येतो. (लातूर)

ती पीडीएफ श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली असणार. डोळ्यांना ‘क’ दिसतो, पण आत वेगळ्याच चिन्हाचा सांकेतिक क्रमांक असतो आणि बॉट तोच वाचतो. फाँट कोणता ते पीडीएफच्या गुणधर्मांत, फाँट्सच्या यादीत, दिसेल. त्याच फाँटचा युनिकोड परिवर्तक वापरा. दुसऱ्याचा लावला तर जोडाक्षरं आणि रफार बिघडतात.

स्कॅन केलेलं पान असेल तर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं. पॉवर ऑटोमेटमधल्या टेसरॅक्ट इंजिनात मराठी आयती मिळत नाही; ‘इतर भाषा’ निवडून मराठीची डेटा फाइल आणि तिच्या फोल्डरचा पत्ता द्यावा लागतो. स्कॅन ३०० डीपीआयचं घ्या. त्यातून आलेले १, २, ३ देवनागरीत असतील तर एक्सेल त्यांची बेरीज करणार नाही, म्हणून दहा अंकांची अदलाबदल करणाऱ्या दहा ‘रिप्लेस’ पायऱ्या लावा. देवनागरी ५ आणि ६ यांची गल्लत ओसीआरमध्ये होऊ शकते. रकमा असतील तर बॉटने केलेली बेरीज कागदावरच्या एकूण रकमेशी जुळते का, हे तपासल्याशिवाय पुढची पायरी चालू देऊ नका.