डाऊनची दुलई: आरपार टाका नको, पडद्या घाला

प्रश्न दोन आहेत. शून्य अंशाच्या आसपास कॅम्पिंगला वापरायची डाऊनची (बदक-हंसांच्या पिसांखालच्या मऊ लवेची) दुलई घरच्या मशीनवर शिवताना दोन्ही कापडं गोधडीसारखी आरपार शिवावीत का, आणि डाऊन किती लागेल?

आरपार शिवू नका. टाक्याच्या रेषेवर कापडं एकमेकांना टेकतात, तिथे डाऊन उरतच नाही आणि रात्री नेमकी त्याच रेषांवर थंडी वाजते. उन्हाळ्यातल्या पातळ दुलईला ते खपून जातं. शून्याला मात्र साधारण 5 सेंमी जाडी हवी, आणि ती टिकवायला दोन कापडांमध्ये उभ्या पडद्या लागतात. पडदीला मच्छरदाणीची बारीक, हलकी जाळी घ्या. पट्ट्या 7 सेंमी रुंद कापा, कारण दोन्ही कडांचा एकेक सेंमी शिवणीत जातो.

आता हिशोब. दुलई 200 सेंमी लांब आणि सरासरी 120 रुंद धरली, तर 5 सेंमी जाडीला आत भरायची जागा 1,20,000 घनसेंमी. 800 फिल पॉवरचं (फिल पॉवर म्हणजे डाऊन किती फुगतं त्याचं माप) डाऊन ग्रॅममागे साधारण 460 घनसेंमी फुगतं, म्हणजे 260 ग्रॅम लागेल. त्यावर 20 टक्के जास्त घाला. अंगाच्या दमटपणाने डाऊन थोडं बसतं, आणि दोन पडद्यांमधला कप्पा ढिला भरलेला असेल तर ते एका टोकाला सरकून मधे नुसतं कापड राहतं. झाले साधारण 310 ग्रॅम. लांबीत 14 कप्पे पाडले तर प्रत्येकी 22 ग्रॅम. दुलई पायाकडे निमुळती असेल तर हे वजन कप्प्याच्या रुंदीप्रमाणे कमी करत जा.

कापड 10 ते 20 डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप), घट्ट विणीचं डाऊनप्रूफ नायलॉन. रबरासारखं कोटिंग असलेलं नको, वाफ आत अडकते. सुई नवी, 60 किंवा 70 नंबरची, दोरा पॉलिस्टरचा, टाका 2.5 ते 3 मिमी. टाका बारीक केला तर भोकं वाढतात आणि त्यांतून पिसं डोकावू लागतात. टाचण्याही शिवणीच्या दाबातच लावा.

सगळ्यात जास्त कामं बिघडतात ती आखणीत. नायलॉन मशीनखाली सरकतं. वरचं कापड सेंटीमीटरभर पुढे गेलं की पडदी तिरपी बसते आणि सगळी दुलई पिळवटते. म्हणून दोन्ही कापडांवर आणि प्रत्येक पट्टीवर दर 20 सेंमीला खूण करा आणि शिवताना खुणेला खूण जुळवत जा. आधी सगळ्या पडद्या खालच्या कापडाला, मग एका टोकापासून क्रमाने वरच्या कापडाला. त्यानंतर तीन बाजू बंद करा. एक लांब बाजू उघडी ठेवा, भरायचं तिथूनच.

भरताना छोटी खोली, पंखा बंद, खिडक्या बंद. कोरड्या हाताला डाऊन असं चिकटतं की झटकलं तर बोटावरून उडून मनगटावर जाऊन बसतं. हात किंचित ओलसर ठेवा. हलकं भांडं डिजिटल काट्यावर ठेवून काटा शून्य करा, कप्प्यापुरतं डाऊन मोजा, मूठ कप्प्यात खोलवर नेऊन सोडा आणि तोंडाला लगेच क्लिप लावा. वजनं एकाच बैठकीत उरका, दमट हवेत डाऊन जड भरतं. शेवटची शिवण घालण्याआधी दुलई दिव्यासमोर धरा. उजळ ठिपके दिसले तिथे खालून हलक्या थापा मारून डाऊन सरकवा. तरीही कप्पा रिता वाटला तर त्याच कप्प्याची क्लिप काढून 2-3 ग्रॅम आणखी घाला.