माध्यमात ओळखपाळख नसताना सुरुवात कशी करावी? चिकाटी किती दिवस धरावी?

तुम्ही लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातले, बीए झालंय, पत्रकारितेची पदविका आहे, १४ ठिकाणी अर्ज केलेत आणि कुठूनच उत्तर नाही. सगळे म्हणतात चिकाटी धर, पण ती धरायची म्हणजे रोज उठून करायचं काय, असं तुम्ही विचारलंय. मी सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातली. माझ्याही मागे कुणी नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२०१७ मध्ये मी एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीला गावाकडच्या बातम्या द्यायला लागले. नेमणूकपत्र नाही, पगार नाही. छापून आलेल्या मजकुराचे जे मिळायचे ते मोबाईलच्या रिचार्जला पुरायचे. वर दिवाळीच्या आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती आणा म्हणून तगादा. सहा-सात महिने निधनवार्ता, हळदीकुंकू, शाळेचं स्नेहसंमेलन एवढंच छापलं गेलं. आठवड्यातून दोनदा कार्यालयात फोन करून मी "जागा आहे का?" विचारायचे आणि त्यालाच चिकाटी समजायचे. एक दिवस डेस्कवरच्या एका उपसंपादकांनी शांतपणे विचारलं, "ताई, तुम्हाला कशातलं कळतं?" मला काहीच सांगता येईना. त्या रात्री झोप लागली नाही.

आमचं गाव कृष्णाकाठचं. २००५ चा महापूर मी शाळेत असताना पाहिलेला. मग नदीच धरली. दोनशे पानी वही घेतली आणि पावसाळ्यात रोज सकाळी त्यात लिहायचे: कोयना धरणात साठा किती, विसर्ग किती, सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर, आमच्या घाटाच्या किती पायऱ्या बुडाल्या. कोयनेची साठवण क्षमता १०५ टीएमसी, एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८०० कोटी लिटर, आयर्विनला ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी, एवढं आधी पाठ केलं. क्युसेकचा, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सुटतं त्याचा, हिशेब कळेना, तो पाटबंधारे खात्यातल्या एका काकांनी पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवला. तलाठी, पोलीस पाटील, नाववाले, पाणी चढायला लागलं की नदीवरच्या पाणी उपसायच्या मोटारी काढायला धावणारे शेतकरी, सगळ्यांचे नंबर वहीच्या शेवटच्या पानांवर. दोन पावसाळे गेले. त्यातून छापून आल्या त्या तीन-चार चौकटी.

मग ऑगस्ट २०१९ उजाडला. पाणी ४५ फुटांवर गेलं आणि थांबेचना. आयर्विनला ते शेवटी ५७ फुटांच्याही वर चढलं. रस्ते तुटले, वीज गेली, आमच्या दैनिकाचे बातमीदार शहरातच अडकले. रात्री डेस्कवरून फोन आला, "नदीकाठच्या गावांचं तुमच्याकडे काय आहे?" कुठल्या पातळीला कुठल्या गावाचा रस्ता बंद होतो हे माझ्या वहीत होतं. इंटरनेट नव्हतं, म्हणून फोनवर तोंडी मजकूर सांगितला. शेजारच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर फोन चार्ज केला आणि पहाटेपर्यंत एकेका माणसाला विचारत राहिले.

८ ऑगस्टला आमच्याच तालुक्यात ब्रह्मनाळला पूरग्रस्तांची बोट उलटली. मृतांचा आकडा लगेच द्या म्हणून डेस्क मागे लागलं. जो तो वेगळा आकडा सांगत होता. मी अर्धा तास मागितला आणि पक्कं कळलं तेवढंच दिलं. तेव्हा वाटलं, आता पुन्हा बोलावणार नाहीत. पण पूर ओसरल्यावर त्याच उपसंपादकांनी बोलावून वर्षभराचा करार दिला. पुराचं दुःख आजही मनात आहे, त्यामुळे त्याला 'माझी संधी' म्हणताना जीभ अडखळते. पण तुम्ही खरं विचारलंत म्हणून खरं सांगते: त्या रात्रीच्या फोनला उत्तर देता आलं ते वहीमुळे.

तुमच्यासाठी विषय शोधायला लांब जायची गरज नाही. किल्लारी तुमच्याच तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, आणि दरवर्षी त्या तारखेला बाहेरचे कॅमेरे येऊन जातात. उरलेले ३६४ दिवस तुम्ही तिथे आहात. पुनर्वसित गावांतल्या घरांची आजची अवस्था, जागेच्या नोंदी, भूकंपानंतर जन्मलेल्या पिढीचं काय चाललंय, हे महिन्यातून दोनदा जाऊन विचारा. २०२८ मध्ये ३५ वर्षं होतील, तेव्हा प्रत्येक संपादकाला हा विषय हवा असेल. ते नको वाटलं तर पाणी घ्या. २०१६ च्या एप्रिलमध्ये आमच्या मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी गेलं होतं. तेव्हा आखलेल्या कामांचं पुढे काय झालं ते शोधा. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो, त्यामुळे प्रश्न नेमका विचारा.

पैशाचं मात्र स्पष्ट सांगते. मी दोन वर्षं सकाळी दहावीच्या शिकवण्या घेतल्या, नाहीतर टिकलेच नसते. घरच्यांकडून मुदत मागून घ्या, दोन पावसाळे म्हणा. प्रेस कार्डासाठी पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. आणि पुण्या-मुंबईला जायचंच असेल तर चार-पाच छापील कात्रणं हातात आल्यावर जा.

पंधरावा अर्ज पाठवताना 'मला संधी द्या' असं लिहू नका. तीन ओळी पुरेत: मी या गावात आहे, मला हे कळलंय, हा त्याचा कागद. सोबत तुम्ही स्वतः काढलेला एक फोटो जोडा. संध्याकाळी सहानंतर डेस्कची पानं लावायची घाई असते, म्हणून दुपारी पाठवा.