जानस-एपिमिथियसची अदलाबदल पडद्यावर का दिसत नाही?

प्रश्न : शनीच्या जानस व एपिमिथियस या चंद्रांचे कक्षाघटक (कक्षेचा आकार, कल वगैरे सांगणारे आकडे) नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेच्या होरायझन्स या ऑनलाइन सेवेवरून घेऊन सेलेस्टिया या अवकाशदर्शन सॉफ्टवेअरमध्ये भरले. कक्षा कड्यांच्या पातळीत न बसता तिरक्या दिसतात, आठवड्याभरात चंद्र भलतीकडेच जातात आणि दर 4 वर्षांनी होणारी कक्षांची अदलाबदल (आतला चंद्र बाहेर, बाहेरचा आत) तर दिसतच नाही. शाळेतल्या मुलांना हे दाखवायचे आहे. काय चुकते आहे?
— एक शिक्षिका, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : तिरकेपणा लगेच सुटेल. होरायझन्स घटक देते ते क्रांतिवृत्ताच्या (पृथ्वीच्या कक्षेच्या) पातळीवर, सेलेस्टिया मात्र चंद्रांचे घटक ग्रहाच्या विषुववृत्तावरचे समजते. शनीसाठी या दोन पातळ्यांत सुमारे 28 अंशांचा फरक आहे. दोन्हीकडे एकच पातळी धरली की झाले.

चंद्र भरकटण्याचे कारण शनीचा चपटेपणा. होरायझन्सचे घटक त्या एका क्षणापुरते असतात. त्यांतून निघणारा भ्रमणकाल जानसच्या खऱ्या सरासरी कालापेक्षा पाऊण टक्क्याने जास्त येतो. म्हणजे पडद्यावरचा जानस रोज सुमारे 4 अंश मागे पडतो, आठवड्यात 28. शिवाय कक्षेचा उपशनी (शनीला सर्वांत जवळचा) बिंदूही दिवसाला 2 अंश सरकतो. सरासरी काल भरला तर मागे पडणे थांबेल.

अदलाबदल मात्र घटकांपासून बनणाऱ्या न बदलणाऱ्या लंबवर्तुळातून कधीच दिसणार नाही, घटक कितीही अचूक भरा. या दोन कक्षांत जेमतेम 50 किलोमीटरचे अंतर, आणि जानसचीच त्रिज्या 90 किलोमीटरच्या आसपास. त्यामुळे पडद्यावर आतला चंद्र बाहेरच्याच्या अंगातून आरपार जातो. प्रत्यक्षात ते एकमेकांपासून हजारो किलोमीटर दूर असतानाच परस्परांच्या ओढीने कक्षा बदलतात: जानस साधारण 20 किलोमीटर सरकतो, हलका एपिमिथियस 80. हाच भाग मुलांना दाखवण्याजोगा आहे.

त्यासाठी घटक सोडून द्या, स्थाने घ्या. होरायझन्समध्ये व्हेक्टर्स (स्थान व वेग) हा पर्याय निवडा. तिथले क्रमांक असे: जानस 610, एपिमिथियस 611, केंद्र (शनी) 500@699, एकके किलोमीटर व सेकंद. जानेवारी 2006 ची अदलाबदल धरून नोव्हेंबर 2005 ते मार्च 2006 एवढा काळ पुरे. टप्पा 10 मिनिटांचा ठेवा, म्हणजे एका फेरीत सुमारे 100 बिंदू येतील. ज्युलियन दिनांक (सलग मोजलेल्या दिवसांचा आकडा), तीन स्थाने आणि तीन वेग एवढेच स्तंभ राखा. कॅलेंडरची तारीख, स्वल्पविराम, मथळे काढून टाका. फाइल एक्सवायझेडव्ही प्रकारात जतन करून सेलेस्टियाच्या चंद्रव्याख्येत सॅम्पल्ड ट्रॅजेक्टरी या नोंदीने जोडा आणि ऑर्बिटफ्रेम या नोंदीत इक्लिप्टिक जे2000 (म्हणजे क्रांतिवृत्ताची पातळी), केंद्र शनी असे स्पष्ट लिहा. हे राहिले की पुन्हा तोच 28 अंशांचा तिरकेपणा.

वेग गाळू नका, इंटरपोलेशनही (बिंदू जोडण्याची पद्धत) लिनियर, म्हणजे सरळ रेषांचे, नको. 100 बिंदू सरळ रेषांनी जोडले तर प्रत्येक रेषेचा मध्य खऱ्या कक्षेच्या 75 किलोमीटर आत पडतो, आणि आपल्याला दाखवायचा फरकच 50 चा आहे!

मग सेलेस्टियात शनीला फॉलो करून जानसवर लॉक लावा आणि काळाचा वेग वाढवा. एपिमिथियस रोज पाव अंश जवळ येताना, मंदावताना आणि मागे फिरताना दिसेल.

प्रश्न : रात्री 9 ला इंदूरच्या गच्चीवरून दुर्बिणीत दिसणारे शनीचे चंद्र सेलेस्टियाशी जुळत नाहीत. घड्याळ चुकते का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करून आंतरराष्ट्रीय वेळ भरली असेल तर घड्याळ ठीक आहे. शनीचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला साधारण सव्वा ते दीड तास लागतो. सेलेस्टिया चंद्र आत्ता कुठे आहे ते दाखवते. तेवढ्या वेळात शनीचा रिया हा चंद्र आपल्या कक्षेत 4-5 अंश पुढे जातो, जानस तर 30 च्या आसपास. निरीक्षणासाठी स्टेलेरियम हे आकाशदर्शन सॉफ्टवेअर वापरा, त्यात प्रकाशाचा प्रवास धरलेला असतो.